धार्ष्ट्य

'धृष्' या संस्कृत धातूपासून मराठीला दोन शब्द लाभले. एक प्राकृताच्या वाटेने झिजत येऊन 'धीट' झाला आणि दुसरा आपली जोडाक्षरे सांभाळीत 'धार्ष्ट्य' या रूपाने ग्रंथांत व दप्तरांत जाऊन बसला. अंधारात एकट्याने वावरातून घरी आलेल्या नातवाला वऱ्हाडातील आजी 'पोट्टं मोठं धीट हाये' म्हणते, तेव्हा तिच्या शब्दांत कौतुक असते. तोच नातू पुढे मामलेदारासमोर उभा राहून चार शब्द अधिक बोलला, की त्याच गुणाला धार्ष्ट्य हे नाव मिळते.

धार्ष्ट्य आणि साहस हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी योजतो, ते मला मान्य नाही. मनुस्मृतीच्या 18 व्यवहारपदांत साहस हा बळजबरीचा अपराध होता. कालांतराने त्या शब्दावरील आरोप इतका धुऊन गेला की अविचार दाखविण्यास 'दुःसाहस' असा निराळा शब्द योजावा लागला. धार्ष्ट्याला ही मुक्ती लाभली नाही, कारण साहसासमोर संकट असते, तर धार्ष्ट्यासमोर कोणीतरी आखून दिलेली मर्यादा. अकोटकडचा कास्तकार मृगाच्या भरवशावर कोरड्या मातीत कपाशीची धूळपेरणी करतो आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर घेतो. त्याला कोणी अविचारी म्हणेल, पण धृष्ट म्हणणार नाही, कारण ढगाचा अंमल त्याने मोडलेला नसतो. याच अकोला जिल्ह्यात दहिहंड्याला 1930 साली खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून लोकांनी मीठ काढले, तेव्हा मात्र सरकारचा हुकूम मोडला गेला.

या शब्दाचा खरा कस मला अमरावतीस लागलेला दिसतो. 1927 साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, डॉ. पंजाबराव देशमुख तिच्या अग्रभागी होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली त्याच शहरात परिषद भरली. मागणे होते ते केवळ देवीच्या दर्शनाचे. त्या वाटेवर ना नदीचा पूर होता, ना वाघाचे भय. तरीही पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर थांबविलेल्या माणसांना तेवढी चार पावले टाकण्यासाठी जे मनोबल एकवटावे लागले, ते धूळपेरणीच्या धाडसाहून मला कितीतरी मोठे वाटते. आणि त्याला अविचार म्हणणे तर सर्वथा अन्यायाचे, कारण परिणामांचा हिशेब त्यांच्याइतका बारकाईने दुसऱ्या कोणी केला असेल?

आणि हे देऊळ कोणते? कृष्णाने रुक्मिणीला जेथून नेले असे वऱ्हाडी माणूस आजही अभिमानाने सांगतो, तेच. भाऊ रुक्मी याने ठरविलेला विवाह झुगारून त्या विदर्भकन्येने आपल्या हाताने द्वारकेला पत्र धाडले होते, आणि रुक्मीच्या दरबारी त्या पत्राला धार्ष्ट्याखेरीज दुसरे नाव नव्हते.