लोणारचे तीर्थपण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव एका प्रचंड विवराच्या काठावर वसले आहे. बेसाल्ट खडकात खोदल्यासारख्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तळाशी खारे सरोवर, काठावर दैत्यसूदनाचे चालुक्य-यादव काळातले मंदिर आणि उतारावर बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार. स्थळपुराणानुसार येथे जमिनीखाली लवणासुर राहत होता. विष्णूने वरचे झाकण उडवून त्याला मारले आणि सरोवराचा खारटपणा त्या दैत्याच्या रक्तामांसाचा आहे. विज्ञानाचे उत्तर निराळे आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर उल्कापाताचे असल्याचे दाखवले. त्याच्या वयाबाबत मात्र एकमत नाही. एका मापनाने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसऱ्याने ५ लाख ७० हजार.

दैत्याची कथा इतिहास म्हणून टिकत नसेल, तर लोणारचे तीर्थपण टिकते का?

तीर्थ पवित्र का, याचे उत्तर महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे आणि ते अनपेक्षितपणे मोकळे आहे. भूमीचा अद्भुत प्रभाव, पाण्याचे तेज आणि मुनींनी केलेला स्वीकार ही तीन कारणे तेथे दिली आहेत. दैत्य मेला की नाही, याच्याशी त्यातल्या एकाचाही संबंध नाही. पहिल्या कारणाला तर विज्ञानाने बळच दिले, असे म्हणायला हरकत नाही: आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेला खड्डा कोणत्याही दैत्यकथेपेक्षा कमी अद्भुत नाही. पाण्याचे मात्र जरा गमतीचे आहे. सरोवराचे पाणी अतिशय अल्कधर्मी, सामू १०च्या आसपास. तेथे सूक्ष्मजीव आणि शेवाळ फोफावते, पण मासा तग धरत नाही. भाविक स्नान करतात ते धारेच्या पाण्यात. तेज दोन्ही पाण्यांत मानले, तरी पुण्य गोड्या पाण्याच्या वाट्याला आले.

खाऱ्या पाण्याचा वाटा हिशेबाचा होता. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरीत लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात आणि पितरांच्या उद्धारासाठी येथे कर्मे होतात, असे तो सांगतो. त्याच ओघात येथील क्षार काच आणि साबण यांच्या कामी येतात आणि त्यातून महसूल मिळतो, हेही नोंदवतो. मोक्ष आणि महसूल एकाच दमात सांगताना त्याला संकोच वाटलेला दिसत नाही. पुढच्या काळात धर्म आणि द्रव्य यांच्यात जी सोवळी रेघ ओढली गेली, ती येथे तरी नव्हती.

मुनींचा स्वीकार हे तिसरे कारण सर्वांत निसरडे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा लोणारला मुक्काम झाला आणि यादव राजा कान्हरदेव त्यांना तेथे भेटला, असे लीळाचरित्र सांगते. महानुभावांच्या दृष्टीने स्थानाचे मोल पुराणोक्त माहात्म्यात नसून तेथे घडलेल्या ईश्वराच्या संबंधात आहे. म्हणून स्थानपोथी या त्यांच्या ग्रंथात अशी ठिकाणे काळजीपूर्वक नोंदली गेली. विष्णुभक्त आणि महानुभाव एकाच गावाला पवित्र मानतात, पण कारणे जुळत नाहीत. वारकरी संतांनी तर तीर्थयात्रेच्या बाह्य उपचारावरच टीका केली. मनाची शुद्धी नसेल तर पाण्याने काय होणार, हा त्यांचा प्रश्न. महाभारतातल्या त्याच प्रकरणात मनालाही तीर्थ म्हटले असल्याने ही टीका परंपरेबाहेरची नाही.

विवराच्या आतल्या मंदिरांकडे पाहिले तर तिसऱ्या कारणाचे वजन कळते. सरोवराकाठी अनेक प्राचीन मंदिरे भग्न आहेत. कित्येक गाभारे मूर्तीवाचून रिकामे पडले आहेत. भूमी तीच, पाणी तेच, तरी तेथे आज तीर्थ उरलेले नाही, कारण स्वीकारणारे लोक गेले. त्याच काठावर कमळजादेवीची पूजा मात्र खंडलेली नाही आणि नवरात्रात तिची यात्रा भरते.