प्रयोज्य कर्त्याचा लोप : युद्धखेळातील आरमार आणि एक नैतिक प्रश्न

ज्या कृतीचे फळ कर्त्याच्या दृष्टीस पडत नाही, तिची जबाबदारी त्याच्यावर किती येते? नीतिविचारातला हा जुनाच प्रश्न आहे. तो पुन्हा उपस्थित करण्याचे निमित्त मात्र एका संगणकीय खेळाचे आहे, आणि साहित्यसमीक्षेच्या पृष्ठांवर त्याची चर्चा करावी काय, अशी शंका काहींना येईल. परंतु ज्या रचनेत काल आहे, स्थल आहे, पात्रसदृश घटक आहेत आणि घटनांना अर्थ देणारा एक दृष्टिकोन आहे, तिला कथनरूप मानण्यास हरकत नसावी. मग त्या रूपात काय सांगितले जाते आणि काय वगळले जाते, हे पाहणे समीक्षेचेच काम ठरते.

'हार्ट्स ऑफ आयर्न' या खेळाची चौथी आवृत्ती स्वीडनमधील 'पॅरॅडॉक्स' या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरे महायुद्ध हा त्याचा विषय. खेळाडू कोणत्याही एका राष्ट्राचा सर्वाधिकारी होतो आणि १९३६ किंवा १९३९ पासून पुढचा इतिहास आपल्या मर्जीने घडवू पाहतो. दहिवलीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने तो मला दाखविला. पावसाळ्यातली दुपार होती, बाहेर उल्हास नदी दुथडी भरून चालली होती, आणि हा मुलगा अटलांटिक महासागराची वाटणी करीत बसला होता. त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. पायदळाविषयी बोलताना तो 'हलवले', 'घुसवले', 'मागे घेतले' अशी क्रियापदे वापरी. विमाने आणि जहाजे यांच्याविषयी मात्र एकच क्रियापद : 'नेमले'.

हा शब्दभेद आकस्मिक नाही. या खेळात भूमीवरील युद्ध नकाशावर उलगडत जाते. आघाडीची रेषा सरकते, कोणती तुकडी कोठे अडली हे दिसते. आकाश आणि समुद्र यांचा कारभार वेगळा आहे. विमानांच्या तुकडीला एक प्रदेश नेमून द्यायचा आणि कामगिरी सांगायची : हवाई प्रभुत्व, शत्रूची विमाने अडविणे किंवा कारखान्यांवर बॉम्बफेक. जहाजांच्या ताफ्याला समुद्राचे काही भाग द्यायचे आणि गस्त, व्यापारी जहाजांचे रक्षण वा त्यांच्यावर हल्ला यांपैकी काही सांगायचे. धोका कितपत पत्करावा, हेदेखील आगाऊ ठरवून देता येते. मग दिनदर्शिका पुढे सरकते आणि यथावकाश एक लहानशी सूचना उमटते की, अमुक जहाज बुडाले. खेळाडूने ते बुडताना पाहिलेले नसते, पुष्कळदा त्या क्षणी त्याचे लक्ष भलतीकडेच असते.

येथे मराठी व्याकरणाची मदत घेता येईल. 'बुडणे' हे अकर्मक, 'बुडविणे' हे सकर्मक. आणि त्यापलीकडे 'बुडवून घेणे', 'बुडवायला लावणे' अशी प्रयोजक रचना. 'मालक नोकराकडून काम करवितो' या वाक्यात मालक हा प्रयोजक कर्ता आणि नोकर हा प्रयोज्य कर्ता. प्रत्यक्ष काम नोकराच्या हातून होते, करविता मालक असतो. सेनापतीचे प्रत्येक विधान अशा प्रयोजक क्रियापदाचे असते. खेळ मात्र या वाक्यातून प्रयोज्य कर्त्याचे पद काढून टाकतो. उरतो तो नेमणारा आणि दुसऱ्या टोकाला अकर्मक 'बुडाले'. मधली जागा रिकामी आहे. खेळाच्या नैतिक स्वरूपाचा विचार खेळातल्या रक्तपातापासून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. माझ्या मते तो या रिकाम्या जागेपासून सुरू व्हायला हवा.

आक्षेप उघड आहे. बुद्धिबळातले प्यादे मेले म्हणून कोणी रडत नाही. अमूर्तीकरण हा खेळाचा धर्मच आहे. आक्षेप खरा आहे, पण बुद्धिबळाच्या पटावर मुंबई नाही आणि १९४२ हे सालही नाही. हा खेळ खरी नावे, खऱ्या तारखा, खऱ्या जहाजांचे वर्ग वापरतो आणि त्यांच्या जोरावर आपले वजन मिळवितो. इतिहासाची पत वापरायची आणि हिशेब विचारला की 'हा तर पट' म्हणायचे, हे दोन्ही एकदम करता येणार नाही. शिवाय पटावर खेळलेले प्रत्येक युद्ध इतके निश्चिंत नव्हते. १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली ब्रिटिश नौदलातील तरुण स्त्रियांनी जमिनीवर खडूने रेषा आखून पाणबुडीविरोधी डाव मांडले. रक्षक जहाजांवरील अधिकारी तेथे शिकण्यासाठी येत. त्यांना पट उघडा दिसत नसे. कॅनव्हासच्या पडद्याला ठेवलेल्या फटीतून, जहाजाच्या पुलावरून दिसेल तेवढेच पाहून त्यांना निर्णय घ्यावा लागे. पाणबुड्यांच्या मार्गाचा खडूदेखील असा निवडलेला, की तो त्या कोनातून नजरेस येऊ नये. कथनमीमांसेच्या परिभाषेत हा मर्यादित दृष्टिकोन होय, आणि तो सौंदर्यासाठी नव्हता. त्या अधिकाऱ्याला पुढच्याच आठवड्यात त्या फटीमागे खरोखर उभे राहायचे होते.

याउलट आपल्या खेळाडूला संजयाची दृष्टी आहे आणि धृतराष्ट्राचे सिंहासनही. महाभारताने ही दोन स्थाने वेगळी ठेवली, यात मोठे शहाणपण आहे. ज्याला दिसते त्याच्या हाती सत्ता नाही. ज्याच्या हाती सत्ता होती त्याला दिसत नाही, फक्त ऐकावे लागते. आणि जे ऐकायचे ते त्याच्या शंभर मुलांविषयी असते. बातमी ऐकण्यात शिक्षा भोगणे अंतर्भूत आहे. खेळाडूला बातमी मिळते; शोकाशी त्याचे नाते नसते. पसंत न पडलेली बातमी तर साठवून ठेवलेला डाव पुन्हा उघडून रद्दही करता येते. माझा विद्यार्थी तसे सर्रास करी आणि त्याला त्यात गैर वाटत नसे. खेळापुरते ते गैर नाहीच.

रिकाम्या जागेत खरोखर काय होते, हे एका जहाजावरून पाहू. 'तिलावा' हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाले. त्यावर प्रवासी आणि खलाशी मिळून ९५८ माणसे होती. २३ नोव्हेंबरला जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडले आणि २८० माणसे मरण पावली. वाचलेल्यांना 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने मुंबईला आणले. खेळाच्या हिशेबात ही घटना म्हणजे व्यापारी जहाजांच्या एकूण संख्येतून एक वजा. त्या जहाजात चांदीच्या २,३६४ लगडीही होत्या. त्या २०१७ मध्ये समुद्रतळावरून वर काढण्यात आल्या आणि त्यांच्यावरचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये तेथे निकाल लागला. लगडींची गणती इतकी काटेकोर होऊ शकते, हे विसरू नये. खेळालाच दोष देऊन भागणार नाही. खेळ रचला जाण्याच्या फार आधीपासून खातेवहीची नजर हीच होती.

पण कारभाराची भाषा तशी असावीच लागते, हे मात्र मला मान्य नाही. आपल्याकडे आरमाराच्या व्यवस्थेवर लिहिलेला एक ग्रंथ आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमारास सिद्ध झाले. त्याचे गद्य पाठ्यपुस्तकांतून आपण इतके वाचले आहे, की त्यातला विचार नजरेतून निसटतो. आरमाराच्या प्रकरणात जहाजांच्या लाकडाची गोष्ट निघते. सागवान वगैरे रानातले लाकूड परवानगीने तोडावे. आंबा आणि फणस ही लाकडेही कामाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला अंत राहणार नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी मुळीच नको. हे हळव्या मनाचे लेखन नव्हे. लिहिणारा राज्यकर्ता आहे, त्याला जहाजे हवी आहेत, आणि रयत दुखावली तर राज्य टिकत नाही, हा व्यवहारही तो जाणतो. तरीसुद्धा जहाज बांधण्याच्या आज्ञेत त्याने त्या जहाजामुळे ज्याचे अंगण उघडे पडेल त्या माणसाला वाक्यात जागा दिली आहे. संगणकावरील गोदीला पोलाद लागते, क्रोमियम लागते. ते कोणाच्या दारातले नसते. राज्यकारभाराच्या गद्यात प्रयोज्य कर्ता मावतो, याचा हा मराठी पुरावा आहे. आणि म्हणून त्याचा लोप ही रूपाची अपरिहार्यता नसून रचनाकाराची निवड आहे, असे मी म्हणतो.

या लोपाची किंमत केवळ करुणेच्या खात्यावर पडत नाही. ज्ञानाच्या खात्यावरही पडते. मधल्या माणसाला वगळले की तो नकार देऊ शकतो, हेही दिसेनासे होते. दहिवलीपासून भिवपुरी लांब नाही. तेथील आणि खोपोलीच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या कारखान्यांना वीज जात असे. १९४२ मध्ये माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने या भागातले विजेचे मनोरे कापून पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. खेळात प्रतिकाराला टक्केवारी आहे, पण ती जिंकून घेतलेल्या प्रदेशात मोजली जाते. हिंदुस्थान तेथे ब्रिटनचा अंकित म्हणून आधीच खात्यात जमा आहे.

आरमाराच्या बाबतीत तर दाखला अधिकच नेमका आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांनी निकृष्ट अन्नाचे निमित्त होऊन काम थांबविले. 'तलवार' ही संदेशवहनाची प्रशिक्षणशाळा होती. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे संदेशक, उपाध्यक्ष मदन सिंग हे तारायंत्री. म्हणजे ज्यांच्या हातून हुकूम पुढे जायचा, तेच थांबले, आणि त्याच बिनतारी यंत्रांवरून त्यांनी संपाची बातमी जहाजांना कळविली. ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून बजावले, की सारे नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण बंड मोडले जाईल. बंदरावरून विमाने खालून फिरविण्यात आली. विमाने आणि जहाजे यांच्या व्यवस्थापनाचा असा प्रसंग या खेळात नाही, कारण तेथे दिलेला हुकूम पोचतोच. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. तोपर्यंत शहरातल्या गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली होती. परळच्या कमल दोंदे त्यांपैकी एक.

विद्यार्थ्याला मी विचारले, तुझ्या ताफ्याने गस्तीला जायचे नाकारले तर? त्याने थोडा विचार केला आणि सांगितले की इंधन संपले तर जहाजे धड लढत नाहीत, फार झीज झाली तर ती दुरुस्तीसाठी बंदरात परततात. जहाज न चालण्याची एवढीच कारणे त्या रचनेला ठाऊक आहेत.