विनतेची घाई

महाभारताच्या आदिपर्वातील कद्रू आणि विनता ह्या दोन सवतींची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी ऐकलेली असते. परंतु तिच्यातील एका तपशिलाकडे माझे लक्ष गेल्या वर्षापर्यंत कधी गेले नव्हते. कद्रूची सहस्र अंडी व विनतेची दोन अंडी दासींनी उबदार, दमट भांड्यांत ठेवली, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे माता अंड्यांवर बसल्या नाहीत. आज ज्यास आपण कृत्रिम उबवणी म्हणतो तोच हा प्रकार, आणि विशेष हे की उबेबरोबर ओलही लागते हे कथाकारास ठाऊक होते. पाचशे वर्षांनी कद्रूचे पुत्र बाहेर पडले. विनतेची अंडी मात्र तशीच राहिली. तेव्हा लाजेने व्याकुळ होऊन तिने एक अंडे फोडले. आत अरुण होता. कमरेवर पूर्ण, कमरेखाली अपुरा. त्याने आईस शाप दिला की, जिच्याशी तू स्पर्धा केलीस तिचीच दासी होशील. आणि दुसऱ्या अंड्यापुरती तरी आणखी पाचशे वर्षे धीर धर, तोच पुत्र तुला सोडवील, असे सांगून तो सूर्याचा सारथी होण्यास निघून गेला.

ह्या कथेचे तात्पर्य काढण्यास शास्त्रीबुवांची गरज नाही. धीर धरावा, निसर्गक्रमात हात घालू नये, हे तात्पर्य मी स्वतः तीस वर्षे वर्गात निरनिराळ्या वेषांत सांगत आलो आहे. गेल्या वैशाखात माझ्या घरी तीन अंड्यांनी त्याची जी उलटतपासणी घेतली, ती वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे.

ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तो आमचा नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस पाथर्डी-जामखेडकडे येईतो त्याचे त्राण संपते. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक आजी पारनेरच्या बाजूच्या. त्यांची एक गावठी कोंबडी खुडूक बसली होती, आणि सहाव्या दिवशी रात्री तिला मुंगसाने नेले. सकाळी आजींनी टोपलीत भुसा घालून अकराही अंडी आमच्या दारात आणली. "सर, जीव हायेत आत. तुमच्याकडं लाईट असती, बघा काय होतंय का," एवढेच म्हणाल्या. माझ्या धाकट्या मुलीने टोपली हातात घेतल्यावर नाही म्हणण्याची सोय उरली नाही.

थर्माकोलचा खोका, चाळीस वॅटचा दिवा, तापमान राखणारे एक स्वस्तातले यंत्र, जुन्या संगणकातला पंखा आणि पाण्याची वाटी, असा संसार आम्ही मांडला. उष्णता साडेसदतीस अंश हवी. नगरच्या वैशाखात ती विकत घ्यावी लागत नाही. दुपारी तर दिवा बंद ठेवून खोका घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवावा लागे. दुर्मीळ होती ती ओल. अंड्याच्या कवचास दहा हजारांच्या आसपास सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून आतले पाणी सतत उडत असते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे बारा टक्के घटावे, म्हणजे रुंद टोकाकडची हवेची पोकळी बेताची होते. ओल फार झाली तर पिल्लू पाण्यात गुदमरते, कमी झाली तर वाळते. पहिले अठरा दिवस हवेत निम्म्याहून थोडी अधिक आर्द्रता पुरते. शेवटचे तीन दिवस ती पासष्ट-सत्तर टक्क्यांवर न्यावी लागते. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. अठराव्या दिवसापासून ती फिरवायची नाहीत आणि झाकणही उघडायचे नाही. अंधारात दिव्यासमोर धरून पाहता अकरांपैकी तीन अंडी निर्मळ दिसली, म्हणजे वांझ. उरलेल्या आठांत लाल तंतूंचे जाळे होते. माझी मुलगी त्या रात्री बराच वेळ काही बोलली नाही.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच पिल्ले बाहेर आली. तीन अंड्यांना चोचीने पाडलेले एकेक भोक होते आणि पुढे काही नाही. रात्री अकरापर्यंत मी पाहिले. एका भोकातून चोच दिसत होती, ती क्वचित हले. ते दमले आहे, गुदमरते आहे, असे मला वाटले. चिमट्याने मी कवचाचे कपचे काढू लागलो. तिसऱ्या कपच्याबरोबर रक्त आले. पिल्लू बाहेर निघाले तेव्हा त्याच्या पोटाशी बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती. पहाटे ते मेले.

मागाहून जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू हवेच्या पोकळीत चोच खुपसते आणि जन्मात प्रथमच फुप्फुसाने श्वास घेते. तोवर ते काम कवचालगतच्या पडद्यातील रक्तवाहिन्या करीत असतात. बाहेरचे भोक पाडल्यावर पिल्लू बारा तास, कधी पुरा दिवसही, निपचित राहते. आणि ह्याच अवधीत त्या वाहिन्यांतले रक्त देहात परतते, उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. हा बलक त्याची पहिल्या दोन-तीन दिवसांची शिदोरी होय. तिच्याच बळावर एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून परगावी धाडता येतात. हे सर्व आटोपले म्हणजे ते कवचात गोल फिरत फिरत एक वर्तुळ कोरते आणि टोपी उडवून बाहेर येते. मी ज्यास थकवा समजलो ती तयारी होती.

येथे एका लोकप्रिय दृष्टांताची झडती घेणे प्राप्त आहे. कोश कापून फुलपाखरास मदत करणाऱ्या भल्या गृहस्थाची गोष्ट व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते, आणि तिचे सार असे की, झुंजीवाचून बळ येत नाही, म्हणून झुंजणाऱ्यास मदत करू नये. फुलपाखराचे मला माहीत नाही. पण माझे पिल्लू झुंज हुकल्यामुळे मेले नाही. त्याच्या आत काय चालले आहे हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मेले. ह्या दोन कारणांत फार अंतर आहे. पहिले खरे मानले तर मदत हीच मुळात वाईट ठरते. दुसऱ्याप्रमाणे अडाणी मदत तेवढी वाईट ठरते. सुखवस्तू मनुष्यास पहिलेच का आवडते, हे सांगावयास नको.

हा भेद मला त्या रात्री सुचला असता तर बरे झाले असते. पहिल्या पिल्लाच्या मरणाने मी इतका खजील झालो की उरलेल्या दोन अंड्यांपुरता मी एक सिद्धांतच करून टाकला: आता हात लावायचा नाही. त्यांपैकी एक सकाळी आपण होऊन बाहेर आले आणि माझा सिद्धांत दृढ झाला. तिसरे दिवसभर भोकाशी चोच हलवीत राहिले. मुलगी दोनदा विचारून गेली; मी तिला विनतेची कथा सांगितली. बाविसाव्या दिवशी रात्री चोच हलायची थांबली.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. त्यांनी ते अंडे हातात घेऊन कवच सोलले. आतला पडदा चर्मपत्रासारखा वाळून पिल्लाच्या अंगाला आवळून बसला होता; त्याला मान वळवायला जागाच नव्हती. "पडदा वाळला सर. कोंबट पाण्याचं फडकं लावून सोडवायचं असतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात ठपका नव्हता, हे मला अधिक लागले. कारण पडदा का वाळला हे मला समजले होते. एकोणिसाव्या दिवशी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना मी वाटीत पाणी घालण्यास विसरलो होतो. आणि एकविसाव्या रात्री पहिल्या पिल्लाला सोडविण्यासाठी तासभर झाकण उघडे ठेवून खोक्यातली होती नव्हती ती ओल मीच बाहेर सोडली होती.

माझ्या मुलीने तेव्हा विचारले, "बाबा, पहिल्याला घाई केलीत, मग तिसऱ्याला का नाही केलीत?"

तर्कशास्त्राच्या अध्यापकास ह्याचे उत्तर देता यावे. दोन्ही अंडी बाहेरून सारखी दिसत होती, हे खरे. पण हे उत्तर पुरे नाही. भोक पडून किती तास झाले, पडदा पांढरा व ओला आहे की पिवळट व कोरडा, हे पाहता आले असते, आणि मी पाहिले नाही. कारण सिद्धांत हाती आला की पाहण्याचे श्रम वाचतात. अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीच्या अंड्यातील वाढ दिवसागणिक वर्णिली आहे. तीन दिवसांनी रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय उडताना दिसते, असे तो सांगतो. ते ज्ञान अंडी फोडूनच मिळाले. ज्यांनी ती फोडली त्यांच्यामुळे आपल्याला न फोडता जाणता येते, एवढा आपला लाभ. तो मी घेतला नाही. विनतेला सवतीची लाज वाटत होती, मला माझ्याच चुकीची; अंड्याचा विचार तिने केला नाही तसा मीही केला नाही, फक्त तिचा हात पुढे गेला आणि माझा मागे राहिला.

शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो खांबासारखा निश्चल उभा असता पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिल्ले मोठी होऊन उडून गेली, तरी तो हलला नाही. मग त्याने दंड थोपटले आणि आपल्याला धर्म साधला अशी गर्जना केली. तत्काळ आकाशवाणी झाली की, काशीच्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजलीच्या निश्चलतेने निदान पिल्ले तरी वाचली. माझ्या निश्चलतेस तेही श्रेय नाही. तुलाधाराचे भांडवल काय, तर तराजू. समोरच्या मालाचे जे वजन असेल ते तो पाहतो.

मोठ्या उबवणी केंद्रांत हा प्रश्नच उद्भवत नाही, हे खरे. तेथे उष्णता व ओल यंत्र बिनचूक राखते, आणि ठरल्या तासाला तबके बाहेर काढतात. तोवर जे कवचात राहिले ते कवचासकट टाकून देतात. हजारोंच्या हिशेबात ते स्वाभाविकही असेल. परंतु जेथे आठच अंडी आहेत, किंवा चाळीसच विद्यार्थी आहेत, तेथे तो हिशेब चालवू नये असे मला वाटते.

विद्यार्थ्यांचा उल्लेख सहज झाला असे नाही. तीन वर्षांपूर्वी पाथर्डीकडचा एक मुलगा प्रथम वर्षात होता. आईबाप ऊसतोडणीला जाणारे. दिवाळीपासून निम्मे वर्ष कोयता घेऊन कारखान्यामागे, आणि त्यांच्याबरोबर हाही. म्हणजे प्रत्येक इयत्तेची अर्धी शाळा उसाच्या फडात गेलेली. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात, लोणीला, घातला गेला त्याच जिल्ह्यातली ही कहाणी. माझी इंग्रजीतली व्याख्याने त्याला कळत नसत. तास संपल्यावर मराठीत थोडे समजावाल का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, स्वतः झगडा, झगडण्यानेच जमते. ते मी निष्ठुरपणे म्हटले नव्हते. मला ते खरेच वाटत होते. दिवाळीनंतर तो दिसला नाही.

त्याची आठवण मला आजींच्या हातातल्या त्या वाळलेल्या पडद्याने झाली. धीर धरा असे सांगण्याचा अधिकार, ज्याने वीस दिवस वाटीत पाणी घातले, त्याला आहे. वाटी कोरडी पडू देऊन एकविसाव्या दिवशी निसर्गक्रमाची थोरवी गाणाऱ्यास तो नाही; त्याने कोमट पाण्याचे फडके घ्यावे, हात कापला तरी घ्यावे. ह्यावर कोणी म्हणेल की, पाथर्डीच्या मुलाची वाटी काही तुम्ही कोरडी केली नव्हती. असेल. परंतु माझी वाटी कोणत्या पाण्याने भरली गेली, ह्याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

सहा पिल्ले आजी घेऊन गेल्या. त्यांतले एक घारीने नेले, पाच मोठी झाली. यंदा त्यांनी आपण होऊन नऊ अंडी आणून दिली आहेत. पाण्याची वाटी आता मुलीकडे आहे. ती मला आठवण करीत नाही; स्वतःच पाणी घालते आणि खोक्यावर चिकटविलेल्या कागदावर वेळ टिपते. काल तिने आजींकडून एक जुने, मऊ फडके मागून आणले व धुऊन घडी करून खोक्याशेजारी ठेवले. आज अठरावा दिवस आहे.