तेल कुठून येतंय?

जे काम मेस्त्री दोन-अडीचशे रुपयांत करून देतात, त्यासाठी घरातल्या तिघांनी रविवारचा अर्धा दिवस का घालवावा? पैशाच्या हिशेबात याला उत्तर नाही. पुण्यातली माझी कंपनी माझ्या एका तासाचे जे पैसे मोजते, त्यात आण्णांच्या जुन्या स्प्लेंडरची गळती चार वेळा काढून होईल. मित्र म्हणतात, "तुझा टाइमपास आहे, त्याला तत्त्वज्ञान चिकटवू नकोस." आरोप हलका नाही. शिवाय त्यात मेस्त्रींची मजुरी बुडते ती वेगळीच.

तेल सांडणं हा दोष आहे, ही समजूत आमच्याकडे तशी उशिरा आली. कायनेटिकने १९७२ साली आणलेली लुना नगरच्या कारखान्यात बनायची. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते जळून निळ्या धुरातून निघून जायचं. म्हणजे तेल जाणारच होतं, जाण्यासाठीच टाकलेलं. स्प्लेंडर फोर-स्ट्रोक. तिच्यात जेमतेम लिटरभर ऑइल तेच ते फिरत राहतं. इथे थेंब पडला की काहीतरी बिघडलंय.

पण थेंब जिथे पडतो तिथे बिघाड असतोच असं नाही. तेल वरून ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं. त्या निरपराध बोल्टला पाना लावून आवळला, तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि नसलेली गळती सुरू होते. म्हणून आधी इंजिन रॉकेल-डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर मारायची आणि एक चक्कर मारून यायचं. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते, ती जागा. आमच्याकडे पावडर आईची. मी आणि आण्णा खाली वाकून ड्रेन बोल्ट बघत होतो. बॅटरी धरून उभी असलेली आई म्हणाली, "अरे, खाली काय शोधताय? ओघळ वरून आलाय." टॅपेट कव्हरची रबरी रिंग उष्णतेने कडक होऊन चिरली होती.

आण्णांचा पुढचा प्रश्न मला जास्त आवडला. "ब्रीदरची नळी बघितली का? तिचा श्वास कोंडला असेल तर नवी रिंगही टिकायची नाही." नळी चिखलाने बुजली की इंजिनातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि जिथे कमजोर सापडेल तिथून तेल ढकलतो. आमची नळी निम्मी बुजलेली निघाली. ऑफिसात आम्ही या प्रकाराला भारी नाव देऊन मीटिंगा घेतो.

रॉबर्ट पर्सिग यांचं १९७४ सालचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स' माझ्या वयाच्या पुष्कळ इंजिनिअरांनी वाचलेलं, निदान विकत घेतलेलं असतं. त्यात मुलगा मागच्या सीटवर आहे, पण यंत्राचा विचार बापाचा एकट्याचा. स्वतःची गाडी स्वतः सांभाळणारा माणूस अधिक जागा असतो, ही कल्पना मोहक आहे. मी ती आण्णांना सांगून पाहिली. ते म्हणाले, "पैसे असते तर मी कशाला हात काळे केले असते?"

या वाक्यानंतर स्वावलंबनाचं कौतुक मला जपून करावं लागतं. त्यांची ती नड होती, माझी निवड आहे. दोन्हीला एकच पुण्य लावणं खोटं. पण त्या अर्ध्या दिवसात स्वावलंबन नव्हतंच मुळी. आण्णांचा हात आता थरथरतो, त्यांना पाना धरवत नाही. माझ्या हाताला जोर आहे, पण कुठे थांबायचं ते कळत नाही. कव्हर आवळताना त्यांनी दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली होती. "बस," म्हणाले. बाप म्हातारा झाल्यावर त्याला कामाला लावायचं की आराम द्यायचा, यावर आमच्या घरात बरेच वाद झालेत. आराम देणं सोपं असतं, कारण त्यात आपल्याला त्याची गरज नसते. मेस्त्रींकडे गाडी टाकली असती तर गळती थांबली असती, पण हे मनगट तिथे मिळत नाही.

मजुरीचा प्रश्न मात्र सुटला नाही. जुनं ऑइल काळं झालं होतं म्हणून तेही बदललं. आता ते काळं तेल टाकायचं कुठे? गावात ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर गटारात ओततात. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. आपल्या अंगणातला डाग थांबवायचा आणि लिटरभर तेल ओढ्याला द्यायचं, तर ती दुरुस्ती कसली? ती तर फक्त गळतीची जागा बदलणं.

शेवटी कॅन घेऊन मेस्त्रींकडेच गेलो. त्यांच्याकडे ड्रम असतो. "काम घरी आणि घाण माझ्याकडे?" ते हसत म्हणाले. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. मग चेन-स्प्रॉकेटचं काम त्यांना सांगून आलो. ड्रम भरल्यावर कुठे जातो, ते गाडी आणायला जाईन तेव्हा विचारणार आहे.