पोटावर हात ठेवून

रात्रीचं जेवण आटोपलं असेल तर ओटीवर या. पाठ भिंतीला टेका, पाय मोकळे सोडा. तळेऱ्यात हायवे रात्रीही झोपत नाही. कोणी गोव्याकडे, कोणी मुंबईकडे, कोणी वैभववाडी-गगनबावड्यावरून कोल्हापूरला निघालेला. त्या आवाजाशी भांडू नका. येऊ द्या, जाऊ द्या. लक्ष श्वासाकडे असू द्या.

आता तळहात बेंबीवर ठेवा. श्वास घेताना हात वर येतो, सोडताना खाली जातो. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. आज तिच्याबद्दल बोलायचं नाही. हाताला न लागणारी, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी मनापुढे आणा. हातपाय काटकुळे असले तरी ती असू शकते. "मी बारीक, माका काय होतला?" असं आपल्याकडे किती सहज म्हटलं जातं! या एका वाक्यावर विसंबून माणसं गाफील राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. शेजारी शेजारी उभे असलेले हे दोन सडपातळ पुरुष जरा वेळ डोळ्यांपुढे असू द्या.

याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ पाऊण किलोने हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे या लपलेल्या चरबीची सुरुवात आईच्या पोटात होते. बेंबीवरचा हात तिथेच राहू द्या, आणि पोटाच्या घेरावरून स्वतःला बोल लावू नका.

सावकाश श्वास सोडा. आणखी आत जाऊ. पोटातली चरबी फुगली की तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात. जखम नाही, जंतू नाही, ताप नाही. तरी राखेखालच्या निखाऱ्यासारखा दाह धुमसत राहतो. तिथून सुटणारी रसायनं यकृतापर्यंत, स्नायूंपर्यंत पोहोचतात. इन्सुलिन पूर्वीसारखं लागू पडत नाही. रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी चढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं, आणि रक्ततपासणीत तो आकडा दिसतो. अंगाला काहीच जाणवलेलं नसतं.

हात छातीवर न्या. ठोका लागतो का ते बघा, घाई नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथेच अडकतात, थर साचतो, आणि त्यावरचा पापुद्रा दाहाने पातळ होत जातो. तो फाटला की रक्ताची गुठळी होते. 2017 च्या कँटोस चाचणीत, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांमध्ये कॅनाकिनुमॅब हे औषध तपासलं. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, दाह तेवढा उतरला; तरी पुन्हा हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटलं. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू मात्र थोडे वाढले. तेव्हा हा दाह औषधाने सरसकट विझवण्यातला नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही सोडू नका.

हात खाली घ्या. उद्या सकाळी उपाशीपोटी शिवणकामाची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून आकडा वाचा. पुरुषांना हद्द 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्यापुढे गेला तर कणकवलीला जाऊन साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड बघून घ्या. घरात सगळ्यांचं झाल्यावर जी जेवते, तिचंही माप घ्या. ती स्वतःहून सांगणार नाही.

आता उठा. अंगणातून गडग्यापर्यंत, तिथून परत. भाताची साखर आत्ता रक्तात उतरते आहे, आणि चालत्या मांडीचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ती उचलून घेतात. दहा मिनिटं चाला. जमलं तर पंधरा.