भिंतीपलीकडचा माणूस

ग्वाल्हेरला समुद्र नाही. तरीही तेथील दरबाराचे नाव एका आगबोटीच्या इतिहासात आहे. १८९१ साली इंग्लंडात बॅरो येथे बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही प्रवासी बोट महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ साली विकत घेतली. पहिल्या महायुद्धातील जखमींसाठी तिचे इस्पितळ झाले आणि १९१५ साली तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा, हे नाव मिळाले. पुढे ती सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली; तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

जुनी बोट नव्या कामासाठी सजवताना खरा प्रश्न पडतो तो इंजिनघराचा. खाली बॉयलर धगधगत असतात, वर माणसे निजलेली असतात. ही धग अडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इंजिनघराच्या भिंती आणि छत मढवायचे. वरच्यांना गारवा मिळतो. पण कोंडलेली धग भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांच्या वाट्याला येते. दुसरा, बॉयलरला आणि वाफेच्या नळ्यांनाच जाड वेष्टण द्यायचे व हवा खेळती ठेवायची. धग जिथे उपजते तिथेच अडते, कोळसाही वाचतो. जाणता कारागीर दोन्ही करतो. पण सुरुवात बॉयलरपासून.

आपल्या घरांतूनही हेच घडत आले. धूर माजघरात येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचे दार ओढून घेत. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली आई त्या दारापलीकडे असे. चुलीवर धुराडे बसवले की दार उघडे ठेवता येते. दार लावणे हाही उपायच, पण आपल्यापुरता.

पेच इथेच सुटत नाही. त्या काळी बोटींवर वेष्टणासाठी अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. धग अडवणारे ते तंतू श्वासावाटे फुप्फुसांत रुततात. २०११ पासून जहाजांवर ते नव्याने बसवण्यास आंतरराष्ट्रीय नियमांनी पूर्ण बंदी आहे. पण जुने उखडावे लागते आणि त्याची धूळ उखडणाऱ्याच्या छातीत जाऊ शकते. वरच्यालाही जपले, आगवाल्यालाही जपले. किंमत मात्र तिसऱ्यानेच मोजली.

मग भिंती मढवूच नयेत काय? जखमी माणसाला धगीत ठेवणे ही काही नीती नव्हे. आडोसा हवाच. प्रश्न एवढाच, की तो उभारताना पलीकडे कोण राहिले हे आपण पाहतो का? आणि तो मोडताना?

‘लॉयल्टी’ १९२३ साली मुंबईत भंगारात गेली. निष्ठा म्हटले की आपली नजर वर, धन्याकडे जाते. ती खाली, भट्टीपाशी राबणाऱ्याकडेही जायला हवी. बोटीची दुरुस्ती पुरी झाली की नाही, हे मालकाने डेकवर वारा खात ठरवू नये. घटकाभर इंजिनघरात उभे राहून ठरवावे.