उपऱ्याची उमेदवारी

गेल्या महिन्यात रविवारच्या मराठी मिस्सानंतर चर्चच्या फाटकापाशी एका मावशींनी मला पेढा दिला. त्यांची मुलगी तीन वर्षांपूर्वी कॅनडाला गेली. इथे मुंबईत ती अर्थशास्त्रात एम.ए. झालेली, सहा वर्षं चांगल्या हुद्द्यावर नोकरी केलेली. तिथे गेल्यावर आधी एका दुकानात कॅश काउंटरवर उभी राहिली. मग तिला सरकारच्या एका खात्यात काम मिळालं, अहवाल तपासायचं, आकडे मांडायचं. "पण इंटर्न म्हणून हं," मावशी हळूच म्हणाल्या. "चौतीस वर्षांची झाली आणि इंटर्न." पेढा हातात आणि डोळ्यांत थोडी लाज, असं ते चित्र होतं.

तेवढ्यात बाजूला उभे असलेले आमच्या गावठाणातले एक अंकल म्हणाले, "ते ठीक आहे. पण तिथल्या पोरांचं काय? त्यांना नोकऱ्या नाहीत आणि सरकार बाहेरच्यांना खुर्ची देतं?" मावशी काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला, आणि अजून गेलेला नाही.

आधी ही योजना काय होती ते सांगतो. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१० साली नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी पगारी इंटर्नशिप सुरू केली. देशात आलेल्या शिकलेल्या माणसाला काही महिने एखाद्या सरकारी खात्यात खरं काम द्यायचं. त्यात संशोधन आणि धोरण-विश्लेषणही आलं, हिशेब आणि संगणकही आला. एक मार्गदर्शक नेमून द्यायचा. कारण असं की तिथे नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न येई, "कॅनडाचा अनुभव आहे का?" नोकरी नाही म्हणून अनुभव नाही आणि अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. डॉक्टर, इंजिनियर टॅक्सी चालवतात, हे आपण ज्यांच्या घरी परदेशी पोरं आहेत त्यांना सांगायला नको. ओंटारियो प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली स्पष्ट धोरण जाहीर केलं की सरसकट 'कॅनडाचा अनुभव' मागणं हा वरकरणी भेदभावच आहे. आणि २०२१ साली केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली: सरकारी भरतीत पूर्वी जी पसंती नागरिकांना होती, ती कायम रहिवासाचा परवाना असलेल्यांनाही मिळाली.

आपल्या जुन्या मराठीत याला उमेदवारी म्हणत. वकिलाकडे, छापखान्यात, सुताराकडे पोरगा उमेदवारी करायचा. आता तो शब्द निवडणुकीवाल्यांनी पळवला आहे.

अंकलच्या प्रश्नाला हसून सोडून देणं सोपं आहे. पण तो प्रश्न आपल्या समाजाच्या नावातच लिहिलेला आहे. आपल्यातल्या पुष्कळांना लोक 'ईस्ट इंडियन' म्हणतात. पूर्व किनाऱ्याशी काही संबंध नसलेल्या, साष्टी-वसई-मुंबईच्या या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना हे नाव कुठून आलं? एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूरहून कॅथलिक लोक कामाच्या शोधात मुंबईत येऊ लागले. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत जागा थोड्या. साहेबाच्या लेखी सगळे एकच, 'पोर्तुगीज ख्रिश्चन'. तेव्हा इथल्या लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली त्या वर्षी, कंपनी सरकारच्या चाकरीची आठवण देणारं 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. २६ मे १८८७ रोजी त्यांची संघटना स्थापन झाली. म्हणजे 'आम्ही इथले, ते बाहेरचे, सरकारी नोकरीत आमचा हक्क पहिला' हे सांगण्यासाठी घेतलेलं ते नाव आहे. मला त्याची लाज वाटत नाही. पण मावशींच्या मुलीची बातमी ऐकल्यापासून ते नाव उच्चारताना मी जरा थांबतो.

कारण इथल्या माणसाचं दुःख खोटं नव्हतं आणि नाही. मरोळ-कोंडिविट्याच्या बाजूला भातशेती होती. त्या जागी एमआयडीसी आली, १९७३ साली सीप्झ आलं. कोंडिविट्याच्या जुन्या चर्चचे अवशेष आज त्या कुंपणाच्या आत आहेत. तिथे जायला फाटकावर परवानगी लागते. ज्यांच्या आजोबांनी तिथे भात लावला, त्यांची नातवंडं त्याच फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघतात. अशा माणसाला 'परक्यावर प्रेम कर' एवढं सांगून भागत नाही. त्याला विचारण्याचा अधिकार आहे की माझ्या वाट्याचं काय.

पण मग हक्क कशावरून ठरवायचा? आपल्या राज्यघटनेच्या कलम १६ प्रमाणे सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवासस्थान यावरून नागरिकांत भेद करता येत नाही. निवासाची अट घालण्याची मुभा फक्त संसदेला आहे. आपल्या राज्यातही सरकारी उमेदवारीच्या दोन योजना माझ्या पाहण्यात आल्या. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. तिला महाराष्ट्राच्या अधिवासाची अट होती. दुसरी मुख्यमंत्री फेलोशिप, २०१५ साली सुरू झालेली, मध्यंतरी बंद पडून २०२३ साली पुन्हा चालू केलेली. त्यात तरुण पदवीधर मंत्रालयात आणि जिल्ह्यांत धोरणाच्या कामावर बसतात. तिथे अट मराठीची आहे, लिहिता-वाचता-बोलता आली पाहिजे.

या दोन अटी मला एकसारख्या वाटत नाहीत. मराठी शिकता येते. गुमल्याहून आलेली मुलगी दोन वर्षांत मराठी शिकू शकते, आणि शिकते. आपल्याच घराघरांत हे घडताना दिसतं. तिच्याकडे ती अट बोट दाखवून सांगते की इथून आत ये. अधिवासाचा दाखला मात्र शिकता येत नाही, त्यासाठी वर्षंच मोजावी लागतात. अशी अट मुळीच घालू नये असं मी म्हणत नाही. दहा हजारांचा आधार थोडा आहे आणि तो आधी गावच्या बेकार पोराला मिळावा, यात मला अन्याय दिसत नाही. पण भुकेला आधार देणं वेगळं आणि ज्या टेबलावर निर्णय होतो तिथे बसवणं वेगळं.

बायबलमध्ये हे दोन्ही प्रकार आहेत. नियमशास्त्र सांगतं की शेत कापताना कडेची कणसं सोड, ती परक्यासाठी, विधवेसाठी, अनाथासाठी. रूथ, मवाबातून आलेली, बवाजाच्या शेतात तशीच सरवा वेचते. हे दान आहे, आणि मोठं आहे. पण शेत कसं पेरायचं हे रूथला कोणी विचारत नाही. योसेफाला मात्र विचारतात. तो परदेशी, तुरुंगातून आणलेला, वय ३०. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून तो थांबत नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवा, त्यासाठी अधिकारी नेमा, असा पुढचा आराखडाही मांडतो. आजच्या भाषेत धोरण-विश्लेषणच! दानिएलाची गोष्ट तर अक्षरशः इंटर्नशिपची आहे: बाबेलच्या दरबारात ३ वर्षांचं प्रशिक्षण, रोजचा शिधा राजाकडून. त्याने प्रशिक्षण घेतलं आणि राजाचं ताट नम्रपणे परत केलं, हे मला फार आवडतं.

पण योसेफाची गोष्ट आपण बहुधा अर्धीच सांगतो. पुढे दुष्काळ लांबला तेव्हा त्याच कोठारांतलं धान्य योसेफाने मिसरच्या लोकांना विकलं. आधी पैसा घेतला, मग गुरं, शेवटी जमिनी. सगळी शेतं फारोची झाली आणि लोक त्याचे दास. सल्ला परदेशी माणसाचा, जमीन गेली ती गावच्या शेतकऱ्याची. माझ्या गावठाणातल्या अंकलना हा अध्याय वाचून दाखवला तर ते म्हणतील, "बघ, मी काय सांगत होतो." त्यांना माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की तिथे चूक परदेशी माणूस खुर्चीवर बसला ही नव्हती. त्या टेबलावर शेतकरी कोणीच नव्हता, ही होती.

याच जागी मला आमचीच एक गोष्ट सांगावी लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या लघुख्रिस्ती समूहातर्फे घरोघरी पाहणी झाली. कोणाला औषधाला मदत हवी, कोणाच्या मुलांची फी थकली, कोण एकटं आहे. फॉर्म आम्ही चार जणांनी बसून केला. चौघेही इथे जन्मलेले. कुटुंबप्रमुखाचं नाव, घरातली माणसं, नातं. नंतर त्यावरून वर्षाची मदत ठरली. झारखंड-छत्तीसगडहून आलेल्या, फ्लॅटमध्ये राहून घरकाम करणाऱ्या मुली आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर असतात हे आम्हा सर्वांना माहीत होतं. पण फॉर्ममध्ये त्यांना जागाच नव्हती. त्या कोणाच्या नात्यातल्या नव्हत्या. मालकांच्या घरी गेलेल्या स्वयंसेवकांनी 'माणसं ४' लिहिलं आणि दार उघडणाऱ्या पाचव्या मुलीला "थँक्यू" म्हणून ते निघाले.

हे आमच्या लक्षातही आलं नसतं. एका मुलीने, हिंदीतच, मिस्सानंतर विचारलं, "सर, गिनती में हम कहाँ हैं?" ती बारावी झालेली होती. आम्ही कोणीही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. आम्ही दानशूरही होतो. नाताळात त्यांना भेटी देत होतो. फक्त मोजणाऱ्यांत त्यांच्यातलं कोणी नव्हतं.

म्हणून वाटतं की कॅनडा सरकारने मावशींच्या मुलीला आकडे मांडायला बसवलं त्यात दया होती तशी गरजही होती. स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेबद्दल, घरभाड्याबद्दल अहवाल लिहिताना कुठला प्रश्न विचारायचा राहिला हे तिला दिसतं, कारण ती त्या रांगेत उभी राहिलेली आहे. गंमत अशी की ती त्या देशाची नागरिक नव्हती. आणि गुमल्याची मुलगी तर या देशाची जन्मजात नागरिक. तरी इथे 'बाहेरची' ठरली ती, आणि ठरवली आम्ही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या स्थलांतरितांच्या दिनासाठी चार क्रियापदं दिली होती: स्वागत करणं, रक्षण करणं, पुढे आणणं आणि सामावून घेणं. पहिली दोन आपल्याला जमतात. तिसऱ्यापाशी आपला हात आखडतो, कारण पुढे आणायचं तर कोणीतरी सरकून जागा द्यावी लागते.

मावशींची लाज मात्र मला पूर्ण खोडून काढता येत नाही. सहा वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला पुन्हा उमेदवार म्हणायचं, काही महिन्यांनी मुदत संपली की परत दारात, आणि खात्याच्या अहवालात तिचा फोटो. असं होऊ शकतं. योजनेची कसोटी मुदत संपल्यावर लागते. आमच्या त्या मुलीचंही तसंच झालं असतं. पुढच्या वर्षी आम्ही तिला फॉर्म करायला बोलावलं. पहिल्या बैठकीत ती भिंतीला टेकून उभी होती, आणि चहा आणायला आपल्यालाच बोलावलं आहे अशी तिची समजूत होती. खुर्ची कमी पडत होती. फाटकापाशी तो प्रश्न विचारणारे आमचे अंकल उठले, बाजूच्या वर्गातून एक बाक ओढत आणला, आणि तिला म्हणाले, "बस गो बाय. त्या नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, ते तू सांग."